घरातील जुनी बंदूक : अस्सलपणाची पारख आणि कायद्याची कात्री

लष्कर हे आपल्या गावाचे नावच मुळी छावणीवरून पडले. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला तो पुन्हा हलला नाही. त्याचेच शहर झाले. तेव्हा येथील जुन्या मराठी घरांतून एखादी तलवार, एखादा भाला आणि त्यांच्या जोडीला एखादी जुनी लष्करी बंदूक निघावी यात नवल ते काय? मात्र या बंदुकीचा विचार आपण आजवर वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या दिवशी, करीत आलो. गेली काही वर्षे तो कचेरीच्या पायऱ्या चढून करावा लागत आहे. आणि घाईने केलेल्या विचारात नेमकी जी वस्तू जपावयास हवी तीच हातची जात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात एका माणसाने किती बंदुका बाळगाव्यात यास मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आली. २०१९ साली सरकारने मूळ विधेयकात ती एकवर आणण्याचे योजिले होते. चर्चेअंती दोन ठरल्या आणि १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा अंमलात आला. ज्यांच्याकडे दोहोंहून अधिक होत्या त्यांनी कोणत्याही दोन ठेवाव्यात व उरलेल्या वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कराव्यात, असा दंडक घातला गेला. वारसाने येणाऱ्या बंदुकांनाही हीच मर्यादा लागू आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वडिलांच्या दोन आणि चुलत्यांची एक अशा तीन जर एकाच वारसाकडे यावयाच्या असतील, तर तिसरी त्याच्या घरात येऊ शकत नाही.

मर्यादा घालण्यामागे सरकारचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. भिंड, मुरैना व ग्वाल्हेर या पट्ट्यात खांद्यावर बंदूक हे प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले आहे, आणि लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळ्यांनी किती घरांत सुतक आले हे येथल्या वाचकांस मी काय सांगावे? याच दुरुस्तीने अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड ठरविला, तो योग्यच होय. माझे म्हणणे निराळे आहे. चालती बंदूक आणि इतिहासाची साक्ष देणारी बंदूक यांना एकाच मापाने मोजले की नुकसान कोणाचे होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोणत्या दोन ठेवाव्यात?

'कोणत्याही दोन' हे शब्द वाचताना सोपे वाटतात. मी आमच्या ओळखीच्या पाचसात घरांतून हा निवाडा होताना पाहिला आहे, आणि तो बहुतेक एकाच रीतीने होतो. विलायती दुनळी आणि पिस्तूल ठेवले जाते, कारण त्यांस बाजारात मोल आहे. आणि पणजोबांची लांबलचक, जड, काळवंडलेली लष्करी बंदूक ठाण्यात जाते, कारण तिचे काडतूसही मिळत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबर असेल. परंतु विलायती दुनळीसारख्या दुनळ्या आणखी पुष्कळ आहेत. त्या काळवंडलेल्या बंदुकीवर जे लिहिले आहे ते मात्र दुसऱ्या कोठे लिहिलेले नसते.

काय लिहिलेले असते? एकच उदाहरण देतो. एका घरी एक ठासणीची एन्फील्ड बंदूक होती. मालकांनी ती एका विक्रेत्यास दाखविली, तेव्हा त्याने नळीत डोकावून सांगितले की आतले आटे पार घासून गेले आहेत, मागची शिडीसारखी उघडणारी नजरही कोणी काढून टाकली आहे. सबब हे भंगार. वस्तुतः तिचे आटे घासलेच नव्हते. त्या नळीत आटे कधी नव्हतेच! १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ज्या काडतुसावरून १८५७ चा वणवा पेटला तीच. तो विझल्यावर इंग्रजांनी ठरविले की हिंदी शिपायाच्या हाती दूरवर अचूक मारा करणारे हत्यार पुन्हा द्यावयाचे नाही. म्हणून १८५८ पासून त्याच बंदुकीचे नवे नमुने निघाले. बाहेरून अगदी तीच बंदूक; पण नळी आतून गुळगुळीत व अधिक रुंद, आणि नजर एकाच ठिकाणी कायम बसविलेली. विक्रेत्यास जे भंगार वाटले तो एका साम्राज्याच्या अविश्वासाचा लोखंडात कोरलेला कागद होता.

हा अविश्वास पुढेही टिकला. गोऱ्या पलटणीस नवे हत्यार मिळाले की तिचे जुने हिंदी पलटणीस द्यावयाचे, असा तो शिरस्ता होता. दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८० मध्ये, गोरा शिपाई मार्टिनी-हेन्री घेऊन लढला आणि त्याच्या शेजारचा हिंदी शिपाई जुनी स्नायडर घेऊन. १८८८ साली ली-मेटफर्ड ही पेटीच्या घराण्यातील पहिली रायफल गोऱ्यांसाठी निघाली, त्यानंतर मार्टिनी हिंदी हातांत सर्रास आली. म्हणून बंदूक कोणत्या साली बनली आणि कोणत्या साली ती आपल्या माणसाच्या हाती आली यांत जे अंतर आढळते, ते सुद्धा इतिहासच आहे.

अस्सल म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी की कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राहिलेली बंदूक तेवढी अस्सल. काही बदलले असेल तर ती बिघडली. लष्करी बंदुकीच्या बाबतीत ही कसोटी चालत नाही. शिपायाची बंदूक ही पलटणीची मालमत्ता. ती पडे, फुटे, शस्त्रागारात जाई, नवी नळी वा नवा दस्ता लावून परत येई. हे बदल तिच्या नोकरीचे भाग आहेत. पारख करावयाची ती बदल झाला की नाही याची नव्हे. तो कोठे झाला, कोणी केला आणि कशासाठी केला याची.

थ्री-नॉट-थ्रीचे पाहा. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात या रायफली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून होऊ लागल्या. दस्त्याच्या मुळाशी जो पोलादी पट्टा असतो त्यावर राजमुकुट, जी. आर. आय. ही जॉर्ज राजाची अक्षरे, इशापूर हे नाव आणि सन अशी नोंद असते. आपल्या हवेत पुढचे लाकूड आकसते, फुगते व चिरते; म्हणून इशापुरात त्यातून एक आडवा पेच मारून ते आवळीत. काही रायफलींच्या पुढच्या लाकडास तांब्याची तार गुंडाळलेली दिसते. ती बंदुकीतून ग्रेनेड फेकण्याच्या कामी लाकूड फुटू नये म्हणून. घरातील कोणी हा पेच 'लोहाराने मारलेला' म्हणून काढू पाहतो, कोणी ती तार 'तात्पुरती डागडुजी' म्हणून सोडवितो. दोन्ही अस्सल आहेत. काढले की ते नाहीसे होतात.

तसेच .४१० च्या मस्कटचे. पोलीस व तुरुंग पहाऱ्यासाठी थ्री-नॉट-थ्रीची नळी कोरून गुळगुळीत करीत व पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवून एकेक काडतूस भरावयाची सोय ठेवीत. हा सरकारी बदल होय. उलट इशापूरचीच .३१५ ची स्पोर्टिंग रायफल. तिचा बोल्ट तसाच दिसतो, म्हणून पुष्कळ घरांत तिला 'फौजेतली' म्हणतात. पण ती नागरिकांना विकण्यासाठीच बनली. फौजेचे काडतूस चालते अशी .३०३ ही प्रतिबंधित वर्गात पडते व तिचा परवाना केंद्र सरकारकडून घ्यावा लागतो; .३१५ चे तसे नाही. म्हणजे नुसत्या अभिमानाचा नव्हे, परवान्याचाही प्रश्न या पारखीत गुंतलेला आहे.

आकडे जुळतात की नाही हे पाहणे ही पुढची पायरी. थ्री-नॉट-थ्रीचा क्रमांक सांगाड्यावर असतो, तोच नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागील अंगास, पुढच्या टोपीखाली आणि मागच्या नजरेच्या पट्टीखाली बहुधा आढळतो. सगळे जुळले तर ती बहुधा एकत्रच नांदली. बोल्टचा आकडा निराळा असेल तर दोन बंदुकांचे भाग कोठे तरी मिसळले. त्यामुळे ती खोटी ठरत नाही; तिचा वृत्तांत तेवढा तुटतो.

आणि खोट्या खुणांचे काय? सरहद्द प्रांतात दर्रा आदमखेल येथील कारागीर पिढ्यान् पिढ्या हुबेहूब नक्कल करीत आले आहेत. त्यांचा हात कुशल, पण इंग्रजी अक्षरांची ओळख बेताची. म्हणून एन्फील्ड या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले असते, एखादे अक्षर उलटे पडलेले असते. मार्टिनीच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली व्ही. आर., कारखान्याचे नाव, सन आणि नमुन्याचा रोमन आकडा हा अस्सल क्रम. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. तेव्हा 'व्ही. आर. १९०७' असे कोरलेले दिसले की दुसरी परीक्षा करण्याचे कारण नाही.

घरची कथा आणि लोखंडाची साक्ष

या शहरात आणखी एक नाजूक गोष्ट आहे. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीसाहेब येथे पडल्या. त्यामुळे जुन्या घरातील प्रत्येक बंदूक त्या धामधुमीतील आहे अशी श्रद्धा असते. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी मला मोठ्या प्रेमाने आपली बंदूक दाखविली. ती मार्टिनी होती आणि तिच्यावर १८८२ हे साल स्वच्छ होते. मार्टिनी-हेन्री फौजेने स्वीकारली तीच मुळी १८७१ साली.

मी म्हटले, "नाना, ही त्या लढाईतली असू शकत नाही. ही बनण्याच्या चोवीस वर्षे आधी ती लढाई होऊन गेली."

नाना काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग काय, आमचे आजोबा खोटे बोलले म्हणता?"

"तसे कसे म्हणेन? घरात आणखी एखादी बंदूक असेल, ती गेली असेल आणि तिची गोष्ट हिला चिकटली असेल. घरात जुने कागद आहेत का?"

कागद होते. पेटीच्या तळाशी मोडीतील एक बांधणी निघाली. तीत नानांच्या पणजोबांच्या नावे ग्वाल्हेर संस्थानच्या ट्रान्सपोर्ट कोअरमधील नोकरीचा दाखला सापडला. १८८९ पासून संस्थानांनी साम्राज्याच्या मदतीसाठी ज्या इंपीरियल सर्व्हिस पलटणी उभारल्या त्यांतील हे पथक. ते चित्रळच्या (१८९५) आणि तिराहच्या (१८९७) मोहिमांवर गेले होते. आता या बंदुकीची खरी संगत कोणाशी लागते हे कोणीही सांगावे. नानांना हे एकदम रुचले असे नाही. पण आठ दिवसांनी त्यांनी तो कागद स्वतः बाळबोधीत उतरवून बंदुकीच्या परवान्याबरोबर ठेवला. राणीसाहेबांच्या कथेपुढे खेचरांच्या तांड्याची कथा फिकी वाटेल खरी. परंतु ती त्यांच्या घरची आहे, आणि ती सांगणारा दुसरा कोणी नाही.

जपणे म्हणजे घासणे नव्हे

खरे सांगावयाचे तर कायद्यापेक्षा अधिक बंदुका आपल्या भक्तीने मारल्या आहेत. खंडेनवमी आली की विटेची पूड, चिंच, राख घेऊन नळी चांदीसारखी करावयाची ही आपली रीत. तलवारीच्या पात्यास शिकलगाराचा हात मानवतो. बंदुकीच्या नळीस तो मानवत नाही. तिचा तपकिरी-काळा रंग हा मळ नव्हे, तो मुद्दाम चढविलेला संरक्षक थर आहे. तीन पिढ्या घासल्या की थर जातो, मग खुणांच्या कडा जातात, शेवटी सन व क्रमांकही पुसला जातो. कित्येकांनी शोभेसाठी निकेल चढवून घेतले आहे. त्याआधी नळी घासून सपाट करावी लागते, म्हणजे लेखच पुसला गेला. ओले गंध व कुंकू लोखंडावर वाळले की त्याखाली गंजाचा खड्डा पडतो. पूजा अवश्य करावी. पण बंदुकीखाली कोरे वस्त्र अंथरून हळदकुंकू त्या वस्त्रावर वाहावे. देवास ते पोहोचते.

बाकीची काळजी फार खर्चाची नाही. लोखंडावर पातळ खनिज तेलाचा अगदी हलका हात चिंधीने फिरवावा. खोबरेल वा तिळाचे तेल कालांतराने चिकट व आंबट होते, ते लावू नये. दस्त्यास शिपाई जवसाचे कच्चे तेल चोळीत. तेच थेंबभर चोळावे, व्हार्निश कधीही नको. चामड्याच्या किंवा बनातीच्या गवसणीत बंदूक कायमची ठेवू नये, कारण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते. बाहेरच्या भिंतीवर, जेथे ओल येते, तेथे टांगू नये. उघड्या हाताचा घाम लोखंडास लागला की बोटांचे ठसे गंजून उमटतात. सुती हातमोजे घालावेत.

एक गोष्ट मात्र सर्वांआधी. ठासणीच्या बंदुकीत पिढ्यापूर्वीचा बार तसाच राहिलेला असणे अगदी संभवते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. तोंड सुरक्षित दिशेस ठेवून गज आत घालावा, किती खोल जातो ते पाहावे, आणि तेच माप बाहेरून नळीवर धरावे. गज कानापर्यंत पोहोचत नसेल तर बंदूक तशीच ठेवून जाणत्या माणसास बोलवावे. आणि जुनी बंदूक हौसेने उडवून पाहण्याचा विचार तर मनातही आणू नये.

दोन कायदे, दोन तोंडे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९५९ च्या अधिनियमातील ४५ वे कलम म्हणते की जुन्या पद्धतीचे, पुराणवस्तूचे मोल असलेले वा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करूनही वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यास हा कायदा लागू नाही. वरवर पाहता सवलतच. पण तिचा अर्थ काय होतो? धड राहिलेल्या जुन्या बंदुकीस परवाना हवा, आणि दोहोंच्या मर्यादेत तिची जागा नाही. नळीस भोके पाडून ती कायमची निकामी केली तर ती घरात राहू शकते. म्हणजे मोडा आणि ठेवा! याच्या उलट १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, ती खाजगी माणसाने देशाबाहेर नेता कामा नये, अशी त्याची भाषा. एक कायदा जिला राष्ट्राचा ठेवा म्हणतो तिलाच भोक पाडण्यास दुसरा कायदा बक्षीस देतो. दोन्ही कायदे याच देशाच्या संसदेचे आहेत.

२०२० च्या फेब्रुवारीत गृहमंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून 'क्युरिओ' वर्गातील लहान हत्यारे जवळ ठेवण्यास परवाना लागणार नाही असे जाहीर केले. वापरण्यास, घेऊन फिरण्यास वा हलविण्यास मात्र तो लागतोच. ही वाट योग्य दिशेची आहे. पण आपली बंदूक या वर्गात बसते की नाही हे घरी बसून ठरवू नये. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी विचारावे व लेखी उत्तर जपावे. वारसासाठीही नियमांत सोय आहे. सत्तर वर्षे वय झालेला किंवा पंचवीस वर्षे बंदूक बाळगलेला परवानेदार हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. पुष्कळ घरांत हे माहीत नसते, आणि माणूस गेल्यावर बंदूक ठाण्यात जाऊन पडते.

ठाण्याच्या मालखान्याचे वर्णन करण्याची गरज नाही. निवडणूक आली की बंदुका जमा कराव्या लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभा झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभा. दर वेळी बंदूक ओलीत, ढिगात, दुसऱ्या बंदुकांना घासत राहते. निदान पावतीवर केवळ 'रायफल एक' असे न लिहविता सांगाड्याचा व बोल्टचा असे दोन्ही आकडे लिहवून घ्यावेत.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात जुन्या फौजेची हजारो हत्यारे पडून होती. त्यांत मार्टिनीच्या धर्तीवर नेपाळातच घडविलेल्या गहेंद्र रायफली होत्या. २००३ साली तो साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. आज त्या रायफलींचा अभ्यास करावयाचा तर सुटी सुटी नगे अमेरिकेतील संग्राहकांच्या घरी शोधावी लागतात. आपल्याकडे निर्यातीस बंदी आहे म्हणून तसे होणार नाही हे खरे. पण मालखान्यातील गंजास निर्यातीचा परवाना लागत नाही.

माझ्या मते मागणी दोन गोष्टींची करावयास हवी. पहिली, ज्या जुन्या हत्याराचे ऐतिहासिक मोल जाणकारांनी लेखी मान्य केले आहे ते दोहोंच्या मोजणीतून वगळावे, आणि ते निकामी करावयाचे झाल्यास भोक पाडण्याऐवजी बोल्ट किंवा आतील सुई काढून ती सरकारजमा ठेवण्याची सोय असावी. ती पुन्हा बसविता येते, भोक बुजविता येत नाही. दुसरी, ठाण्याऐवजी गुजरी महालासारख्या शासकीय संग्रहालयात घराण्याच्या नावाने अशी बंदूक ठेव म्हणून देता यावी. दान देण्यास मन कचरते. ठेव म्हणून द्यावयास पुष्कळ घरे पुढे येतील असे मला वाटते.

सरकार हे करील तेव्हा करील. तोपर्यंत जे आपल्या हातचे आहे ते या खंडेनवमीपूर्वी उरकावे. एक वही घ्यावी; बंदुकीवरील प्रत्येक अक्षर, आकडा व खूण जशी दिसते तशी उतरवावी, सर्व अंगांनी छायाचित्रे काढावीत, आणि ती घरात कोणी, कोठून, कोणत्या साली आणली याबद्दल जे वडीलधाऱ्यांस आठवते ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह लिहून काढावे. कथा आणि खूण यांचा मेळ बसत नसेल तर दोन्ही लिहाव्यात, एकीसाठी दुसरी खोडू नये. बंदूक राहील की जाईल हे कचेरीत ठरेल. तिने काय पाहिले हे लिहून ठेवणे मात्र आपल्यावाचून दुसऱ्या कोणाच्याच हाती नाही.